एसटीच्या मॉडेलवर घरी छापलेले डिकॅल : लाल शाई पसरली, क्लिअर पांढरं पडलं, गणपतीआधी मदत हवी

खोपटकर | ३ ऑगस्ट, रात्री १०.४५

नमस्कार मंडळी,

यंदा घरच्या गणपतीला एसटी स्टँडचा देखावा करतोय. बाबा एसटीत चालक होते. दर गणपतीत ते कोकणातल्या जादा गाड्यांवर असायचे. ठाण्याहून लोकांना त्यांच्या त्यांच्या गावी पोचवायचे आणि आमच्या घरी आरतीला ते नसायचे. निवृत्तीनंतरचा त्यांचा हा पहिलाच गणपती. म्हणून देखाव्यात त्यांची गाडी उभी करायची असं मी आणि बहिणीनं ठरवलंय.

गाडी १:५० मापाची आहे, लांबी साधारण २२ सेंमी. प्लास्टिक शीट कापून बांधली, ॲक्रिलिक लाल रंग दिला. रंग छान बसलाय. अडलंय ते अक्षरांवर. हातानं लिहून पाहिलं, इतकं बारीक जमत नाही. देवनागरीतले तयार डिकॅल (पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायची छापील अक्षरांची पातळ फिल्म) कुठे मिळत नाहीत, म्हणून पारदर्शक इंकजेट डिकॅल पेपर मागवला आणि घरच्या प्रिंटरवर छापलं : ठाणे-चिपळूण पाटी, नंबर प्लेट, ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ आणि बाजूला पिवळ्या अक्षरात महामंडळाचं पूर्ण नाव.

काल संध्याकाळी छापलं, दोन तासांनी गॅलरीत क्लिअर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक रोगणाच्या स्प्रेचा, एक भरपूर हात मारला. सकाळी बघतो तर सगळ्या कागदावर दुधासारखी साय. तरी एक पाटी कापून पाण्यात सोडली, तर कडेनं लाल शाई सुटून पाणी गुलाबी झालं. पिवळी अक्षरं लाल रंगावर ठेवून पाहिली तर दिसतच नाहीत. गणपती २७ तारखेला आहेत. नेमकं काय काय चुकलं ते सांगाल का?

---

सीवूड्सची | ३ ऑगस्ट, रात्री ११.३०

खोपटकर, देखाव्याची कल्पना फार आवडली. वेळ आहे, घाबरू नका.

तुमच्या तीन अडचणींची कारणं तीन वेगळी आहेत.

पिवळ्याचं आधी सांगते, कारण ते क्लिअरनं सुटणारं नाही. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते आणि बाकीच्या शाया पारदर्शक असतात. कागद पांढरा असतो म्हणून त्यावर पिवळं पिवळं दिसतं. पारदर्शक फिल्मवर छापून लाल रंगावर ठेवलं की खालचा लाल वर येतो आणि पिवळं हरवतं. त्यासाठी पांढऱ्या फिल्मचा डिकॅल पेपर लागतो. त्यावर पूर्ण पट्टा लाल छापायचा आणि अक्षरांची जागा पिवळी ठेवायची.

शाई सुटली कारण इंकजेटची शाई पाण्यात विरघळणारी असते. तिला क्लिअरचं झाकण पूर्ण बसायला हवं. त्याआधी ती स्वतः वाळायला हवी, दोन तास पुरत नाहीत. मी निदान एक रात्र ठेवते. आणि पहिला हात कधीच भरपूर नाही. लांबून, नुसते तुषार पडतील इतकाच. तो वाळला की दुसरा तसाच. असे तीन-चार झाले की मग एक ओला हात. पहिलाच हात जाड बसला की लॅकरमधल्या थिनरनंच शाई पसरते, पाण्यापर्यंत जायचीही गरज नाही.

पांढरी साय मात्र हवेमुळे आली आहे. त्यावर इथले जाणकार बोलतीलच.

---

वागळेवाला | ४ ऑगस्ट, सकाळी ७.१०

ही साय मी आयुष्यभर पाहिली आहे. वागळे इस्टेटमध्ये फर्निचर पॉलिश आणि स्प्रेचं काम केलं, पावसाळा आला की हेच.

लॅकरमधलं थिनर फार पटकन उडतं. उडताना ते खालच्या पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं, पृष्ठभाग गार पडतो. बाहेर हवेत आर्द्रता ८५-९० टक्के असेल तर त्या गार पृष्ठभागावर बाष्पाचं पाणी होतं आणि ओल्या लॅकरमध्ये अडकतं. ते दिसतं पांढरं. जाड हात मारला की थिनर जास्त, गारवा जास्त, साय जास्त. तुम्ही ऑगस्टमध्ये, संध्याकाळी, गॅलरीत, भरपूर हात मारला. अजून काय होणार?

कारखान्यात आम्ही अशा दिवसांत लॅकरमध्ये सावकाश उडणारं थिनर घालायचो, रिटार्डर म्हणतात त्याला. डब्यातल्या स्प्रेत ते घालता येत नाही. मग हवाच बदलायला हवी.

एक सांगून ठेवतो, कारण हमखास चुकतं : एसीच्या खोलीत कागद गार करून बाहेर आणून स्प्रे करू नका. एसीतून बाहेर पडल्यावर चष्म्यावर वाफ धरते ना, तेच कागदावर होईल. कागद बाहेरच्या हवेपेक्षा कोमट हवा. हेअर ड्रायर लांबून फिरवा, गालाला लावून ऊब कळेल इतका. स्प्रेचा डबाही कोमट पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवा. कोमट म्हणजे हाताला सोसेल असं. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात डबा कधीही नाही, फुटतो.

दुपारी, पाऊस उघडलेला असताना मारा. संध्याकाळी हवा परत जड होते. मारून झालं की पुठ्ठ्याच्या खोक्यात ४० वॉटचा साधा बल्ब लावून त्यात ठेवा, बल्ब कागदापासून वीतभर तरी लांब.

आणि घरात समई, उदबत्ती, गॅस काहीही चालू असताना स्प्रे नको. डब्यातला वायू पेट घेतो. गणपतीच्या दिवसांत घरात दिवा असतोच, म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

कोपरखैरणेकर | ४ ऑगस्ट, सकाळी ९.५०

एवढा खटाटोप कशाला? व्हिनाइल स्टिकर कापून घ्या. प्रिंटवाल्याकडे अर्ध्या तासात काम होतं, पाण्याचं भय नाही.

---

सीवूड्सची | ४ ऑगस्ट, सकाळी १०.२०

स्टिकर वाईट नाही, पण जाडी बघा. व्हिनाइल साधारण ८० ते १०० मायक्रॉन असतं. १:५० मापात ०.१ मिमी म्हणजे खऱ्या गाडीवर ५ मिमी. पत्र्यावर अक्षरं रंगवली आहेत असं न वाटता फळी ठोकली आहे असं वाटेल. डिकॅलची फिल्म त्याच्या कितीतरी पातळ असते, आणि क्लिअरनं नीट सील केली की कड नखालाही लागत नाही. दुरून बघायच्या मोठ्या देखाव्यात स्टिकर चालेल. पण ही गाडी हातात घेऊन बघणारा माणूस चालक आहे.

---

रुळावरून | ४ ऑगस्ट, दुपारी १.१५

मी ऐरोलीत राहतो, १:८७ मापात रेल्वे करतो. ठाणे स्टेशनच्या पिवळ्या पाटीनं मला महिनाभर छळलं होतं, म्हणून लिहितोय.

माझा सल्ला : इंकजेट सोडा, लेझरवर या. लेझरचा टोनर म्हणजे प्लास्टिकची पूड, उष्णतेनं कागदावर वितळवून बसवलेली. पाण्यात सुटत नाही. त्यातून तुमचा लाल पट्टा कडेपर्यंत भरून छापलेला असणार. तो इंकजेटवर कितीही सील केला तरी कटरनं कापला की कापलेल्या कडेला शाई उघडी पडते आणि तिथूनच पाणी पितो. तुमच्या पाटीचं तेच झालं असावं. इंकजेटवरच करायचं असेल तर भोवती एक मिलिमीटर कोरी फिल्म सोडून कापा, किंवा कापल्यावर कडेला बारीक ब्रशनं परत क्लिअर लावा.

पण लेझरचा डिकॅल पेपर वेगळा येतो. इंकजेटचा कागद लेझर मशीनमध्ये घालायचा नाही. आतला फ्यूझर, म्हणजे टोनर वितळवणारा भाग, १८० अंशांच्या वर तापतो. मी एकदा घाईत एका झेरॉक्सच्या दुकानात इंकजेटचा कागद दिला, फिल्म वितळून रोलरला गुंडाळली गेली. दुरुस्तीचे पैसे मी भरले, ते योग्यच होतं. तेव्हापासून पाकीट सोबत नेतो, त्यावरचं ‘लेझर’ दुकानदाराला दाखवतो आणि जाड कागदाच्या सेटिंगवर हातानं एक-एक कागद घालायला सांगतो.

आता अक्षरांचं. १:५० मध्ये ५० मिमीचं अक्षर १ मिमीचं होतं. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) १ मिमीत जेमतेम २४ ठिपके बसतात, आणि त्यात शिरोरेखा, काना, मात्रा, रफार सगळं आलं. ‘मार्ग’मधला रफार आणि ‘संकटकाळी’तला अनुस्वार आधी जातात. माझ्या पाटीत ‘ठाणे’चा ठ भरून नुसता काळा ठिपका झाला होता. शेवटी मी ठ, ण हे पोट असलेले अक्षर थोडे रुंद केले, शिरोरेखा पातळ केली, तेव्हा वाचता आलं. ठळक फॉन्ट घेऊ नका. फाइल फोटोसारखी नको, पीडीएफ द्या, आणि अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी रेघांच्या आकृत्या करून, द्या. नाहीतर दुकानातल्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसतो आणि जोडाक्षरं फुटतात. माझा ‘मध्य’ एकदा ‘मध् य’ होऊन आला होता.

---

किल्लेदार | ४ ऑगस्ट, रात्री ९.००

थोडं विषयांतर. दिवाळीच्या किल्ल्यासाठी मातीच्या मावळ्यांच्या ढालींवर नक्षीचे डिकॅल लावता येतील का?

सीवूड्सची | ४ ऑगस्ट, रात्री ९.२५

येतील, पण कच्ची माती पाणी शोषते, डिकॅल सरकवायला वेळच मिळत नाही. आधी प्रायमर, मग रंग, मग ग्लॉस, मगच डिकॅल. झेंड्यांना मात्र साधा कागदच छान दिसतो.

---

खोपटकर | १० ऑगस्ट, संध्याकाळी ६.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. लेझरचा पांढरा आणि पारदर्शक, दोन्ही कागद आले. नारळी पौर्णिमा झाली तशी आज पावसानं जरा उघडीप दिली, म्हणून छापून आणलं. पहिल्या दुकानात नाही म्हणाले, दुसऱ्यानं पाकीट नीट वाचून छापून दिलं. कर्व्ह करून नेलं होतं, सगळी जोडाक्षरं शाबूत आहेत. ‘मार्ग’चा रफार दिसतोय!

दोन प्रश्न. छापलेला लाल आणि माझ्या गाडीचा लाल जुळत नाही, छापलेला किंचित नारिंगी आहे. आणि टोनर पाण्यात सुटत नाही तर मग सील करायचं का?

---

सीवूड्सची | १० ऑगस्ट, संध्याकाळी ७.४०

सील करायचं. टोनर वरच्या वर बसलेला असतो. डिकॅल ओला होऊन वळला की त्याला भेगा पडतात, पापुद्रे निघतात. पातळ दोन हात पुरेत. हवा बरी नसेल तर पाण्यातलं ॲक्रिलिक ग्लॉस वार्निश रुंद मऊ ब्रशनं लावा, एका दिशेनं, परत परत न घासता. टोनरवर ते चालतं. इंकजेटवर लावलं तर शाई ओढली जाईल, ते तिथे नाही.

लालसाठी : पुढच्या वेळी आधी छापा, सील करा, आणि गाडीचा रंग त्याला जुळवून कालवा. छापलेला रंग रंगाला जुळवत बसण्यापेक्षा हे सोपं. सील केल्यावर छटा गडद होते, म्हणून जुळवणी सीलनंतरच. आता रंग झालाच आहे तर पट्टा अक्षरांभोवती न कापता एका बीडिंगपासून (पत्र्यावरच्या उठावाच्या पट्टीपासून) दुसऱ्या बीडिंगपर्यंत पूर्ण घ्या. रंग जिथे बदलतो तिथे रेघ असली की डोळ्याला फरक खुपत नाही. पत्र्याचा वेगळा भाग वाटतो.

आता लावायचं कसं. गाडीचा रंग मॅट आहे ना? त्यावर थेट डिकॅल लावू नका. मॅट म्हणजे बारीक खडबडीत पृष्ठभाग, फिल्मखाली हवा अडकते आणि वाळल्यावर चंदेरी डाग दिसतात. जिथे डिकॅल बसणार तिथे आधी ग्लॉस द्या, हात फिरवला तर बोट घसरलं पाहिजे. एक दिवस वाळू द्या.

डिकॅल कोमट पाण्यात २०-३० सेकंद, मग बाहेर काढून टिश्यूवर एक मिनिट. पाण्यात तरंगत सोडू नका, मागचा गोंद धुऊन जातो आणि तोच तर धरून ठेवणार आहे. गाडीवर जागेला पाण्याचा थेंब लावा, कागदासकट तिथे न्या आणि ओल्या ब्रशनं फिल्म सरकवा. बोटानं ओढू नका. जागेवर आली की ब्रशनं मधून कडेकडे पाणी काढा.

डिकॅल मऊ करून बसवणारं तयार द्रावण (मायक्रो सेट, मायक्रो सोल किंवा मिस्टर मार्क सॉफ्टर) मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून जागेला आधी लावा. त्यात ४-५ टक्के ॲसिटिक आम्ल असतं, फिल्म थोडी मऊ होते. पण आपली घरची फिल्म वरच्या लॅकरमुळे जाड असते, तयार डिकॅलइतकी वितळून बसत नाही. रिव्हेटवर उभी राहिली तर ओली असतानाच नव्या ब्लेडच्या टोकानं रिव्हेटवर बारीक छेद द्या आणि दाबा. हे सगळं आधी एका रंगवलेल्या तुकड्यावर करून बघा.

---

वागळेवाला | ११ ऑगस्ट, सकाळी ६.५५

ताईंनी लिहिलं ते सगळं बरोबर. माझी एकच भर : प्रत्येक हातामध्ये घाई करू नका. वरून कोरडं लागलं म्हणजे आत वाळलं असं नाही, पावसाळ्यात तर नाहीच. बोटानं बघू नका, वास घ्या. थिनरचा वास पूर्ण गेला की पुढचा हात.

---

रुळावरून | ११ ऑगस्ट, सकाळी ८.४०

नंबर प्लेट कुठली घेताय? एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत बांधलेल्या गाड्यांवर एमएच १४ बीटी दिसायचं आणि चिकलठाण्याच्या गाड्यांवर एमएच २० बीएल. ठाण्याची गाडी म्हणून एमएच ०४ घातलंत तर जाणकार लगेच ओळखतील.

खोपटकर | ११ ऑगस्ट, सकाळी ९.०५

बाबांना विचारलं. त्यांनी पूर्ण नंबर आठवावा न लागता लगेच सांगितला. एमएच १४ बीटीच आहे. चार आकडे इथे लिहीत नाही, घरच्यासाठी ठेवतो.

---

खोपटकर | १७ ऑगस्ट, रात्री ११.५०

आज सुट्टी होती, डिकॅल लावले. जे झालं ते तपशिलात लिहितो.

पारदर्शक फिल्मवरची ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ ही ओळ पहिली लावली. ४१ मिमी लांब, २ मिमी उंच. टिश्यूवर मिनिटभर ठेवल्यावर चिमट्यानं हलवली तर कागदावरून हलेना. अजून अर्धं मिनिट थांबलो, मग ब्रशच्या टोकानं आपोआप घसरली. रंगवलेल्या पिवळ्या पट्टीवर ती ज्या क्षणी सपाट झाली तेव्हा मी श्वास धरून बसलो होतो. आता भिंगातून प्रत्येक अक्षर वाचता येतं.

लाल पट्ट्याला मात्र दोन प्रयत्न लागले. पहिला सरळ बसला पण मध्ये दोन बुडबुडे राहिले. सुईनं टोचून व्हिनेगर-पाण्याचा थेंब सोडला, दाबल्यावर एक गेला, एक राहिलाच. तो काढून दुसरा लावला. एकाच कागदावर प्रत्येक गोष्ट तीनदा छापली होती, म्हणून वाचलो.

रात्री बाबा बघायला आले. चष्मा वर करून, गाडी हातात न घेता, वाकून पाहत होते. पहिलं वाक्य : “पाटी काचेच्या बाहेर नाही लावायची. माझ्या गाडीला आतून असायची, डावीकडे.” मी पाटीचा डिकॅल पुढच्या काचेखाली बाहेरून लावणार होतो. अजून लावला नव्हता, हे नशीब.

---

सीवूड्सची | १८ ऑगस्ट, सकाळी ८.१५

मग तर सोपं झालं. काचेवर लावूच नका. अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिकची छोटी पाटी कापा, पांढरी रंगवा, ग्लॉस द्या, त्यावर डिकॅल, आणि वाळल्यावर काचेच्या आत उभी करा. सपाट तुकड्यावर काम होतं आणि बिघडलं तर गाडीला धक्का नाही.

शेवटच्या क्लिअरआधी ओल्या टिश्यूनं डिकॅलच्या आजूबाजूचा वाळलेला गोंद हलकेच पुसून घ्या, नाहीतर त्याचे पिवळट डाग राहतात. मग एक पूर्ण दिवस. मग ग्लॉसचे दोन-तीन पातळ हात. कड अजून दिसत असेल तर २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून अगदी हलका फिरवा, परत एक हात ग्लॉस, आणि सगळ्यात शेवटी मॅट. मॅट आधी मारलं तर कड कायमची राहते.

---

वागळेवाला | २३ ऑगस्ट, दुपारी १२.२०

ठाण्यात आत्ता ऊन आहे. खोपटकर, आज मारायचं असेल तर दोनच्या आत मारा. कोमट करून.

खोपटकर | २३ ऑगस्ट, दुपारी १२.२५

काका, निघतोच गॅलरीत.

---

खोपटकर | २९ ऑगस्ट, सकाळी ११.१०

काल दीड दिवसांच्या गणपतीचं विसर्जन झालं, आता निवांत लिहितोय.

मॅटचे दोन हात २३ तारखेला दुपारी दीडपर्यंत झाले. साय आली नाही. मागच्या कोपऱ्यात नखाएवढी जागा धुरकट वाटत होती, बल्बच्या खोक्यात रात्रभर ठेवल्यावर तीही गेली. लाल पट्ट्याच्या कडा बीडिंगमध्ये लपल्या. मॅट झाल्यावर दोन लाल अपेक्षेपेक्षा जवळ आले. फरक मला दिसतो, कारण मला माहीत आहे कुठे बघायचं.

पाटी आतून, डावीकडे. आरतीनंतर आमच्या वरच्या मजल्यावरचे एक आजोबा देखाव्याजवळ वाकले आणि मोठ्यानं वाचलं, “ठाणे-चिपळूण.” बाबांनी त्यांना लगेच सांगितलं की ही गाडी रात्री साडेनऊला सुटायची. मग वाटेतले थांबे, पेणला चहा, कशेडी घाट, सगळं सुरू झालं. अर्धा तास दोघं तिथेच उभे होते.

विसर्जनाहून आल्यावर बाबांनी देखावा आवरायला मदत केली, पण गाडी स्वतः उचलली आणि टीव्हीशेजारच्या कपाटात ठेवली. खिडकीतलं ऊन तिथे पोचत नाही, तरी विचारतो : टोनरचा लाल वर्षानुवर्षं टिकेल का?

---

सीवूड्सची | २९ ऑगस्ट, सकाळी ११.४०

उन्हापासून लांब असेल तर इंकजेटपेक्षा टोनर बराच जास्त टिकतो. कपाटाला काच असेल तर अजून चांगलं, धूळ बसणार नाही आणि पुसायला लागणार नाही. पुसायचीच वेळ आली तर कोरडा मऊ ब्रश, ओलं फडकं नको.

रुळावरून | २९ ऑगस्ट, दुपारी १२.०५

ती ४१ मिमीची ओळ असलेली पीडीएफ इथे टाकाल का? डिसेंबरात मी स्टेशनबाहेरचा एसटी थांबा करणार आहे. १:८७ साठी लहान करून घेईन, ठ परत रुंद करावा लागेल.

खोपटकर | २९ ऑगस्ट, दुपारी १२.३०

टाकतो. कर्व्ह केलेली आणि न केलेली, दोन्ही. नंबर प्लेट तेवढी काढून.